व्यसनाचा उपचार: कोणाला दाखल करायचं, कोणाला घरून चालेल?

‘शेवटचं कधी घेतलं?’ व्यसनमुक्तीच्या ओपीडीत हा प्रश्न सुरुवातीलाच येतो आणि त्याचं उत्तर तासांत हवं असतं. रात्री अकराला शेवटचा ग्लास रिकामा झाला असेल आणि आता सकाळचे अकरा वाजत असतील, तर फिट येऊ शकण्याचा काळ सुरू झालेला आहे. घरच्यांना मात्र वेगळाच हिशोब मांडायचा असतो. किती वर्षं पितोय, किती पैसे उडवले, किती वेळा शपथ घेऊन मोडली. तो हिशोब खरा असतो, पण दाखल करायचं की घरून उपचार द्यायचे हे त्यावरून ठरत नाही. नशा थांबवल्यावर शरीर काय करेल आणि घरी गेल्यावर आजूबाजूला काय असेल, एवढ्यावरच बव्हंशी ते ठरतं.

दुसरा प्रश्न मात्रेचा. ‘रोज थोडीशी’ या उत्तराचा उपयोग नसतो; मिलिलिटर आणि टक्के लागतात. ४० टक्के अल्कोहोल असलेली १८० मिलि दारू म्हणजे ७२ मिलि शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ५७ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमला एक ‘ड्रिंक’ धरते, म्हणजे ही ‘थोडीशी’ जवळजवळ सहा ड्रिंक झाली. याच संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. तिच्यात ४० पैकी ८ गुण झाले तर पिणं धोक्याचं मानतात आणि २० किंवा त्याहून जास्त झाले तर अवलंबित्वाची सखोल तपासणी करतात.

पहिले चार दिवस

दारू मेंदूतल्या गॅबा या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाला दाबते. महिनोन्‌महिने हे रोज होत राहिलं की मेंदू तोल सांभाळायला स्वतःतच फेरफार करून घेतो: गॅबाला प्रतिसाद कमी, ग्लुटामेटला जास्त. मग दारू एकाएकी बंद झाली की दाबून ठेवणारं काही उरत नाही आणि चेतवणारी बाजू मोकाट सुटते. यालाच विड्रॉल म्हणतात.

त्याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं आहे. सहा ते आठ तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, मळमळतं, छातीत धडधडतं. १२ ते ४८ तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. कधी त्याच्याही आधी. काहींना याच सुमाराला भास होतात, पण आपण कुठे आहोत याचं भान असतं. ४८ ते ९६ तासांत थोड्या रुग्णांना डिलिरियम ट्रेमेन्स होतो. तेव्हा भान पूर्ण सुटतं, ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब वाढतात, रुग्ण नसलेले किडे अंगावरून झटकत बसतो. वेळेवर उपचार मिळाले तर यातलं मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली राहतं. न मिळाल्यास ते कितीतरी पटींनी वाढतं. ‘दोन दिवस खोलीत कोंडून ठेवू, आपोआप उतरेल’ हा उपाय म्हणूनच जिवावर बेतू शकतो. नेमक्या धोक्याच्या तासांत दाराला कडी असते.

पूर्वी फिट किंवा डिलिरियम होऊन गेला असेल, तर डिटॉक्स, म्हणजे औषधांच्या आधाराने नशा शरीरातून उतरवणं, दाखल करूनच करायचा, यात घासाघीस नको. दर विड्रॉलनंतर पुढचा विड्रॉल अधिक तीव्र होण्याकडे कल असतो, त्यामुळे ‘मागच्या वेळी घरीच झालं होतं’ हा युक्तिवाद टिकत नाही. गरोदरपण, यकृताचा किंवा हृदयाचा गंभीर आजार, उतारवय, झोपेच्या गोळ्यांचीही सवय, आत्महत्येचे विचार, किंवा घरी लक्ष द्यायला कोणीच नसणं, यांतलं काही असेल तरीही दाखल करावं. बाकीच्या पुष्कळांचा डिटॉक्स ओपीडीतून व्यवस्थित होतो. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखी मेंदूला शांतवणारी गोळी पहिल्या दिवशी पुरेशा मात्रेत सुरू करून पाच ते सात दिवसांत टप्प्याटप्प्याने बंद करतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम निवडतात, कारण ते शरीरात साठत नाही. रुग्णाने रोज, निदान पहिले तीन-चार दिवस, दाखवायला यायचं. गोळ्या एक-दोन दिवसांच्याच द्यायच्या आणि त्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात ठेवायच्या. गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो. अशा वेळी पुढचा डोस द्यायचा नाही, रुग्णालयात न्यायचं.

वॉर्डात हीच औषधं मोजून-मापून देता येतात. नर्स दर काही तासांनी दहा मुद्द्यांची एक मोजपट्टी भरते. त्यातला कंपाचा मुद्दा असा तपासतात: रुग्णाला दोन्ही हात समोर पसरून बोटं फाकवायला सांगायचं. कधी डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण नर्सने त्याच्या बोटाच्या टोकाला आपल्या बोटाचं टोक लावलं की बारीक थरथर जाणवते. त्याचा एक गुण. उजेड टोचतो का, कातडीखाली मुंग्या चालल्यासारखं वाटतं का, आज तारीख काय, अशी सगळी मिळून बेरीज ८ च्या आत असली तर बहुधा जादा औषध लागत नाही; १५ च्या वर गेली तर विड्रॉल तीव्र समजतात. या पद्धतीत काहींचं काम थोडक्या गोळ्यांत भागतं आणि काहींना ठरावीक तक्त्यापेक्षा खूप जास्त लागतात.

इथे एक चूक वारंवार होते. रुग्ण गळून गेलेला दिसतो, नातेवाईक म्हणतात ‘एक सलाईन लावा’, आणि ग्लुकोजची बाटली चढते. बरीच वर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, तळाला गेलेलं असतं आणि ग्लुकोज जाळायला तेच लागतं. उरलंसुरलं थायमिन संपलं की वेर्निके एन्सेफॅलोपॅथी उद्भवू शकते: गोंधळलेलं मन, अडखळती चाल, डोळ्यांची बिघडलेली हालचाल. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही. दुर्लक्ष झालं तर स्मरणशक्तीची कायमची हानी होते. म्हणून थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत द्यायचं, आणि तेही इंजेक्शनने, कारण दारूने खराब झालेलं आतडं गोळीतलं थायमिन फारसं शोषत नाही.

अफूवर्गीय नशा: इथे गणित उलटं

हेरॉइनचा विड्रॉल शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत सुरू होतो, दीड ते तीन दिवसांत कळस गाठतो आणि साधारण आठवड्यात ओसरतो. हाडं दुखतात, नाक-डोळे गळतात, जुलाब-उलट्या होतात. अंगातलं पाणी कमी होऊ दिलं नाही तर सहसा जीव जात नाही. जिवाला खरा धोका नंतर असतो. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती घटते. बाहेर पडल्यावर पूर्वीचाच डोस घेतला की श्वास थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन ते चार आठवडे म्हणूनच सर्वांत घातक असतात. अफूवर्गीय व्यसनात नुसता डिटॉक्स करून घरी पाठवणं हा अपुरा उपचार आहेच, शिवाय तो रुग्णाला आधीपेक्षा जास्त धोक्यात टाकू शकतो.

इथला मुख्य उपचार ओपीडीतला आहे. मेथाडोनने, म्हणजे जास्त वेळ टिकणाऱ्या अफूवर्गीय औषधाने, दीर्घकाळ उपचार करण्याची पद्धत अमेरिकन डॉक्टर डोल आणि निस्वांडर यांनी १९६५ मध्ये मांडली. नंतर ब्युप्रेनॉर्फिन आलं. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या पेशींवर हेरॉइन जिथे चिकटतं त्याच जागेला (रिसेप्टरला) घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवटच चालवतं. तलफ भागते, मात्र श्वासावरच्या परिणामाला एक मर्यादा राहते. सुरुवात करताना घाई नडते. हेरॉइन अजून रिसेप्टरवर असताना गोळी दिली तर ती त्याला ढकलून जागा बळकावते आणि थोड्याच वेळात जोरदार विड्रॉल उसळतो. ‘हे औषध मला सोसत नाही’ म्हणून पळालेल्या बऱ्याच रुग्णांचं खरं कारण हेच असतं. त्यामुळे १२ ते २४ तास थांबायचं. बाहुल्या मोठ्या झाल्या, जांभया येऊ लागल्या, अंगावर काटा उभा राहिला की २ ते ४ मिलिग्रॅमने सुरुवात करायची. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. गिळली तर बरंचसं औषध यकृतातच नष्ट होतं. पुढे बहुतेकांना दिवसाला ८ ते १६ मिलिग्रॅम लागतं, आणि तेही काही महिने किंवा वर्षं.

‘म्हणजे एक नशा सोडून दुसरी लावली’ हा आक्षेप कायम येतो. रोज ठरल्या वेळी गोळी घेणारा माणूस कामावर जातो, दर सहा तासांनी पुढच्या डोसच्या मागे धावत नाही, आणि मृत्यूचा धोका उपचार चालू असेपर्यंत निम्म्याच्या आसपास खाली येतो. गरोदर स्त्रीला तर अफूवर्गीय नशा एकदम तोडायला न लावता हीच औषधं चालू ठेवतात.

झोपेच्या गोळ्यांचं प्रकरण आणखी वेगळं. त्या एकदम बंद केल्या तर दारूसारखीच फिट येऊ शकते, म्हणून त्या आठवडे-महिने लावून हळूहळू उतरवायच्या. कोकेन, मेथअँफेटामिन आणि गांजा यांच्या व्यसनावर तलफ मारणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. तिथे समुपदेशनावरच भर असतो.

केंद्रातले २८ दिवस

निवासी उपचार म्हटलं की २८ किंवा ३० दिवस डोळ्यांसमोर येतात. या आकड्याला मेंदूविज्ञानाचा आधार नाही. तो व्यवस्थेच्या सोयीने रुळला. पहिल्या आठवड्यात झोप विस्कटलेली असते, लक्ष लागत नाही, नवं काही डोक्यात राहत नाही. त्या दिवसांत तासन्‌तास व्याख्यानं ऐकवणं हा सरळसरळ वेळेचा अपव्यय आहे. त्या आठवड्यात खाणं, झोप, औषधं आणि रक्ताच्या तपासण्या एवढंच पुरे. समुपदेशनाचं खरं काम दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, आणि ते रुळेपर्यंत डिस्चार्जची तारीख येते. निवासी किंवा ओपीडी कुठलाही असो, एकूण ९० दिवसांपेक्षा कमी उपचाराचा परिणाम मर्यादित राहतो असं अमेरिकेची अमली पदार्थविषयक राष्ट्रीय संशोधन संस्था सांगते. मुक्काम महिन्याभराचा असेल तर उरलेले दोन महिने ओपीडीने भरायचे असतात.

निवासी म्हणजे भारी आणि ओपीडी म्हणजे दुय्यम, हा समजही तपासून घ्यायला हवा. लंडनमध्ये मनोविकारतज्ज्ञ ग्रिफिथ एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये १०० विवाहित मद्यपींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना पूर्ण उपचार, त्यात गरजेनुसार दाखल करणंही आलं. बाकीच्यांना पत्नीसह एक सविस्तर सल्ल्याची बैठक. वर्षानंतर दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. अर्थात या सगळ्यांना घर होतं, जोडीदार होता. घरातच दुसरा कोणी पिणारा आहे, किंवा राहायला छप्परच नाही, अशा माणसाला हा निष्कर्ष लावता येणार नाही, आणि निवासी केंद्राचा खरा उपयोग त्यालाच आहे.

या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या फारशा कोणाला ठाऊक नसतात. अमेरिकन वर्गीकरणात आठवड्याला उपचार ९ तासांपेक्षा कमी असेल तर साधी ओपीडी, ९ ते १९ तास म्हणजे सघन ओपीडी, २० किंवा त्याहून जास्त तास म्हणजे दिवसभराचा उपचार, ज्यात रात्री घरी जायचं. दाखल रुग्णाला बाहेर आणताना या पायऱ्या एकेक करून उतरवाव्यात. वॉर्डातून थेट ‘महिन्याने दाखवा’ हे अंतर फार मोठं आहे.

घरी आल्यावर

दारूसाठी तीन औषधं प्रामुख्याने वापरतात. नाल्ट्रेक्सोन, दिवसाला ५० मिलिग्रॅम, पिण्यातली मजा कमी करतं. मात्र अफूवर्गीय औषध चालू असलेल्याला ते देता येत नाही, आधी ७ ते १० दिवस तो त्यापासून पूर्ण दूर हवा. अकॅम्प्रोसेट दारू थांबल्यानंतरची अस्वस्थता निववतं. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, म्हणजे रोज सहा, आणि त्यामुळेच त्या चुकतात. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, यकृतावर भार टाकत नाही. तिसरं डायसल्फिराम. ते अ‍ॅसिटाल्डिहाइड (दारूपासून शरीरात बनणारं विषारी द्रव्य) पुढे मोडू देत नाही, त्यामुळे वर दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हे रुग्णाला न सांगता जेवणात मिसळण्याचा मोह घरच्यांना फार होतो. हृदय कमजोर असेल तर ही प्रतिक्रिया जीव घेऊ शकते, आणि गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम १४ दिवसांपर्यंत टिकू शकतो. रुग्णाला माहीत असेल, तो स्वतः तयार असेल आणि कोणी समोर उभं राहून गोळी देत असेल, तरच ती उपयोगी पडते.

तलफ कायम राहत नाही; बहुतेक वेळा ती १५ ते ३० मिनिटांत चढून उतरते. म्हणून समुपदेशक ‘कधीच पिणार नाही’ असं वदवून घेण्याऐवजी तेवढा अर्धा तास कसा काढायचा याची तालीम करून घेतात: कुणाला फोन, कुठल्या रस्त्याने घरी, खिशात किती पैसे. अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांनी घसरण्याच्या प्रसंगांचा अभ्यास केला तेव्हा बहुतेक प्रसंग तीन प्रकारांत मोडले: मन उदास किंवा चिडलेलं असणं, भांडण, आणि ‘एक घे रे’ असा आग्रह. एक ग्लास घेतल्यावर ‘आता सगळंच गेलं’ म्हणून बाटली संपवली जाते, हेही त्यांनी नोंदवलं. त्यामुळे पहिल्या ग्लासनंतर लगेच कोणाला कळवायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं असावं.

केंद्र निवडताना रात्री डॉक्टर कोण असतात, फिट आली तर रुग्णाला कुठे हलवतात, आणि घरच्यांना फोनवर बोलू देतात का, हे विचारा. ब्युप्रेनॉर्फिन चालू असलेल्याला आल्या दिवशीच ते बंद करायला लावणारं केंद्र टाळा. शंभर टक्के हमी देणारं, मारहाण किंवा बांधून ठेवणं ‘शिस्त’ म्हणून खपवणारं तर नकोच. पुन्हा प्यायलेल्या रुग्णाचं काय करता, हेही विचारून पाहा. ‘काढून टाकतो’ असं उत्तर आलं तर दुसरं केंद्र शोधा. डिस्चार्जच्या वेळी हातात औषधांची चिठ्ठी आणि आठवड्याच्या आतली ओपीडीची तारीख असायला हवी. अफूवर्गीय व्यसन असेल तर नॅलॉक्सोन, म्हणजे जादा डोसने मंदावलेला श्वास परत आणणारं औषध, हेही हवं, आणि ते कसं द्यायचं हे घरच्या माणसाने तिथेच शिकून घ्यावं. त्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, नशा मात्र त्याहून जास्त टिकू शकते. म्हणून रुग्ण उठून बसला तरी रुग्णवाहिका बोलवायचीच.