पेट्रोल कुणी मोजतच नाही

टर्बो गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, बरंच काही मोजतो. आत किती हवा आली, ती किती गरम आहे, क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) कुठल्या कोनात आहे, बॅटरीचा व्होल्टेज किती आहे. इंजिनात प्रत्यक्ष गेलेलं पेट्रोल मात्र तो मोजत नाही. तिथे त्याचा सगळा कारभार विश्वासावर चालतो. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारा बारीक नळ. ‘हा नळ मिनिटाला ५०० घनसेंटिमीटर पेट्रोल सोडतो’ असं ईसीयूच्या मॅपमध्ये, म्हणजे त्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, लिहून ठेवलेलं असतं. तो फक्त नळ किती वेळ उघडा ठेवायचा तेवढं ठरवतो. बादलीत न डोकावता, घड्याळाकडे बघून नळ बंद करावा तसं.

जास्त ताकदीसाठी मोठे इंजेक्टर, मोठा पंप आणि पेट्रोलचा दाब सांभाळणारा वेगळा प्रेशर रेग्युलेटर बसवणाऱ्यांना हे लवकर कळतं, कारण ट्यूनिंगशिवाय, म्हणजे मॅप बदलल्याशिवाय, गाडी धड सुरूच राहत नाही. गाडी विकायची वेळ आली किंवा हौस फिटली, की तीच मंडळी खोक्यातले जुने पार्ट काढून परत बसवतात आणि गाडी स्टॉकला, म्हणजे कंपनीतून आली होती तशी, आली असं समजतात. पार्ट परत आले हे खरं. ईसीयूची समजूत परत आली का, हे बघायचं राहून जातं.

मुळात इंजेक्टर मोठे लागतात ते वेळ पुरत नाही म्हणून. ६००० आरपीएमला इंजिन सेकंदाला १०० फेरे मारतं. प्रत्येक सिलिंडरचं एक चक्र दोन फेऱ्यांचं, म्हणजे २० मिलिसेकंदांचं. इंजेक्टर त्यातला साधारण ८० ते ८५ टक्के वेळच उघडा ठेवावा असा रिवाज आहे, म्हणजे हातात उरतात १६-१७ मिलिसेकंद. टर्बोचा दाब वाढवून जास्त हवा कोंबली, तर तेवढ्या वेळात पुरेसं पेट्रोल जात नाही. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके बसतात.

मग नळच मोठा करायचा. इंजेक्टर दुप्पट क्षमतेचा घेतला तर उघडायचा वेळ निम्मा केला की झालं, असं वाटतं. पण वीज पोचल्यापासून सुई उचलली जाऊन पेट्रोल खरोखर वाहायला लागेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद वाया जातो. याला डेड टाइम म्हणतात, आणि व्होल्टेज कमी असेल तर तो आणखी वाढतो. समजा आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, जुना इंजेक्टर ३ मिलिसेकंद उघडत होता. त्यातला एक वाया गेला, कामाचे राहिले दोन. आता वेळ निम्मा केला, म्हणजे दीड. एक वाया गेला, उरला अर्धा. नळ दुप्पट मोठा असल्यामुळे हा अर्धा जुन्या एका मिलिसेकंदाइतका. हवे होते दोन, मिळाला एक! इंजेक्टर दुप्पट केला आणि इंजिनाला पेट्रोल मिळालं निम्मं. बरोबर आकडा होता २ मिलिसेकंद.

परतीच्या वाटेवर हेच गणित उलटं चालतं, आणि ते जास्त धोक्याचं आहे. मॅप मोठ्या इंजेक्टरचा राहिला आणि बसवले छोटे, तर ईसीयू ठरलेल्या कमी वेळातच नळ बंद करतो आणि फुल थ्रॉटलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, इंजिन उपाशी राहतं. पिस्टन वितळतात ते अशाच वेळी. मॅप आधी स्टॉकचा टाकला आणि इंजेक्टर मोठेच राहिले, तर मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. प्लग काळे पडतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल पेट्रोलने धुऊन निघतं. मिसफायर होऊन न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळायला लागलं, तर त्याची आतली जाळी वितळते. यांतलं काही हवंच असेल तर मी दुसरं निवडेन, कारण प्लग स्वस्त असतात. पण गाडी चालू करण्याआधी दोन्ही गोष्टी जुळवणं काही अवघड नाही.

आता दाब. ज्या गाड्यांत टाकीकडे परतीची नळी असते, तिथे रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डकडून, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपकडून, एक बारीक रबरी नळी आलेली असते. इंजेक्टरच्या एका बाजूला पेट्रोलचा दाब आणि दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचा. या दोन्हींतला फरक कायम राहावा, समजा ३ बार, हे त्या नळीचं काम. काम उरकताना ती लावायची राहिली, तर एक बार बूस्टला, म्हणजे टर्बोने हवेचा दाब एक बारने वाढवला असताना, हा फरक २ बारवर येतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे पेट्रोल १८ टक्के कमी जातं, तेही नेमकं सगळ्यात जास्त गरज असताना. आयडलला उलटं होतं. तेव्हा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, फरक वाढतो आणि मिश्रण किंचित रिच होतं. म्हणजे उभी गाडी बघून काहीच कळत नाही. बोटभर नळीसाठी इंजिन गेलं, हे ऐकायला विनोदी वाटतं, पण आकडे विनोदी नाहीत.

मोठा पंप तसाच ठेवून रेग्युलेटर तेवढा जुना बसवला, की वेगळाच घोळ होतो. ताशी २५५ लिटरचा पंप हा मॉडिफिकेशनच्या जगातला सवयीचा आकडा. आयडलला इंजिन ताशी जेमतेम लिटरभर पेट्रोल पितं. उरलेलं जवळपास सगळं रेग्युलेटरमधून आणि परतीच्या बारीक नळीतून टाकीत जायला हवं. ती वाट पुरली नाही तर पेट्रोल तुंबतं आणि दाब आपोआप वर सरकतो. ३ ऐवजी ४ बार झाला तर मिश्रण १५ टक्के रिच. म्हणून पार्ट बसवल्यावर प्रेशर गेज लावून आकडा बघायचा. किल्ली दोन-तीनदा ऑन करून, इंजिन सुरू न करता ओ-रिंगच्या, म्हणजे सांधे बंद करणाऱ्या रबरी कड्यांच्या, जागा कोरड्या आहेत का तेही बघायचं. ओ-रिंग नव्याच घालाव्यात. ३ बार म्हणजे ३० मीटर उंच पाण्याच्या टाकीचा दाब, आणि खाली तापलेलं इंजिन.

गाडी ई-८५ वर, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर, चालत असेल तर टाकीतलं इंधनसुद्धा या करारातला एक पक्ष असतं. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला फक्त ९. त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी ई-८५ आकारमानाने सुमारे ४० टक्के जास्त लागतं. इथेनॉल नॉकिंगला दाद देत नाही आणि वाफ होताना हवा चांगलीच थंड करतं, म्हणून त्याच्या मॅपमध्ये ठिणगी बरीच आधी टाकलेली असते. त्या मॅपवर साधं पेट्रोल भरून गाडी दामटली तर नॉकिंग ठरलेलंच. उलट, टाकीत ई-८५ ठेवून स्टॉक मॅप टाकला तर मिश्रण लीन. टाकी रिकामी करायची, पाइपमधलं जुनं इंधन काढायचं, पेट्रोल भरायचं आणि मॅप बदलून मगच इंजिन सुरू करायचं. काही रबरी सील इथेनॉलमध्ये फुगतात आणि पेट्रोलवर परत आल्यावर आक्रसतात. पहिले काही दिवस पेट्रोलचा वास येतोय का, याकडे नाक ठेवावं.

कुणी म्हणेल, ऑक्सिजन सेन्सर आहे ना? आहे. बॉशचा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत आला, तेव्हापासून इंजिनाला धुराचा वास घेऊन स्वतःला सुधारता येतं. पण हे वरातीमागून घोडं. मिश्रण जळून गेल्यावर कळतं की कमी होतं. साधा सेन्सर हवा-पेट्रोलच्या १४.७ या प्रमाणाच्या आसपासच भरवशाचा असतो, आणि टर्बो इंजिन फुल थ्रॉटलला मुद्दाम ११.५ ते १२.५ वर चालवतात. तिथे बहुतेक जुन्या ईसीयूंचा त्याच्यावर विश्वास नसतो.

तरी या सेन्सरमुळे एक चांगली गोष्ट मिळते, ती म्हणजे फ्युएल ट्रिम. मूळ हिशेबात ईसीयूला किती टक्के दुरुस्ती करावी लागतेय, ते स्कॅनरवर दिसतं. परतीचं काम झाल्यावर शिकलेली जुनी ट्रिम पुसून टाकावी आणि गाडी थोडी चालवून नवी बघावी. सगळीकडे सारखीच ट्रिम असेल, समजा उणे १३ टक्के, तर दाब जास्त आहे किंवा मॅपमध्ये इंजेक्टरचा आकडा चुकलाय. आयडललाच मोठी अधिक ट्रिम आणि वेगात ठीक, तर कुठून तरी हवा खेचली जातेय. लोड वाढेल तशी अधिक होत गेली, तर पंप नाही तर फिल्टर. चेक लाइट यातल्या बऱ्याच दोषांना पेटतच नाही, कारण साधारण २५ टक्क्यांपर्यंतची दुरुस्ती ईसीयू निमूटपणे करून टाकतो.

ट्रिममध्ये न दिसणारी एक गोष्ट उरते. दोन वर्षं खोक्यात पडलेले मूळ इंजेक्टर आता मूळ राहिलेले नसतात. आत राहिलेलं पेट्रोल वाळून त्याचा चिकट थर बसतो. चारपैकी एकच इंजेक्टर १० टक्के कमी सोडत असेल, तर सेन्सरला दिसते चौघांची सरासरी, अडीच टक्के कमी. ईसीयू चौघांनाही अडीच टक्के वाढवून देतो. तीन सिलिंडर किंचित रिच होतात, चौथा जवळपास ८ टक्के लीनच राहतो आणि ट्रिम अगदी सभ्य दिसते. म्हणून बसवण्याआधी चारही इंजेक्टर अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ काढणाऱ्या टाकीत, साफ करून टेस्ट बेंचवर लावतात. तिथे खाली काचेच्या चार नळ्या असतात, आणि ठरावीक वेळात कुणी किती सोडलं ते सरळ डोळ्यांनी मोजता येतं.