कॉइल बदलताय? आधी जुनी का गेली ते पाहा

एप्रिल लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं : ‘एसीचा गॅस संपलाय, भरून घ्यायला हवा.’ मेकॅनिक येतो, गेज लावतो, गॅस भरतो, पैसे घेतो. पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच. हळूहळू लोकांची समजूत होऊन बसते की दरवर्षी गॅस भरणं हा एसीच्या देखभालीचाच भाग आहे.

तसं अजिबात नाही. स्वयंपाकाचा गॅस जळतो म्हणून संपतो. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, जुना होत नाही. तो घरातल्या कॉइलमध्ये उकळून उष्णता शोषतो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होऊन ती सोडतो आणि हे चक्र बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं चालू राहतं. कारखान्यात वजन करून भरलेला गॅस दहा वर्षांनीही तितकाच असायला हवा. कमी झाला असेल तर एकच अर्थ : कुठेतरी भोक आहे. भोक तसंच ठेवून गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. त्यातून हवामानाची हानी होते ती वेगळीच. हल्लीच्या बहुतेक एसींत असणारा आर-३२ हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता अडवतो.

हे भोक बहुतेक वेळा दोनपैकी एका ठिकाणी सापडतं. पहिलं ठिकाण म्हणजे नळ्या जोडणारे फ्लेअर नट. ती तपासणी स्वस्त आहे, साबणाच्या फेसाने होते, म्हणून आधी तीच करून घ्यावी. दुसरं ठिकाण म्हणजे इनडोअर युनिटमधली कूलिंग कॉइल, म्हणजेच इव्हॅपोरेटर. इथे भोक निघालं की मेकॅनिक म्हणतो, ‘कॉइलच बदलावी लागेल.’ मग ग्राहक किंमत विचारतो, ‘पूर्ण कॉपरची आहे ना?’ एवढं विचारतो आणि होकार देतो. जुनी कॉइल नेमकी कशाने गेली हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या मते नवी कॉइल निवडताना तोच पहिला प्रश्न असायला हवा.

आधी कॉइल कशी असते ते पाहू. साधारण सात मिलिमीटर जाडीची तांब्याची नळी पुढे-मागे वळवलेली असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची, म्हणजे फिन्सची, दाट ओळ घट्ट बसवलेली असते. नळीची भिंत जेमतेम पाव मिलिमीटर जाड असते. मशीन चालू असताना आत आर-३२ चा दाब वातावरणाच्या सुमारे दहापट असतो. मशीन बंद असेल आणि खोलीत ३० अंश तापमान असेल, तर तोच दाब एकोणीसपटींवर जातो. पाव मिलिमीटर तांबं हा दाब सहज पेलतं, पण अखंड असेल तोवरच.

आता गळती किती बारीक असते ते पाहा. समजा वर्षाला ३०० ग्रॅम गॅस गेला. दिवसाला ०.८ ग्रॅम. वायूच्या रूपात मोजलं तर मिनिटाला पाव मिलिलिटरच्या आसपास. तोही एका जागेतून नाही, फिन्सखाली दडलेल्या अनेक सूक्ष्म छिद्रांतून. तिथे फेस पोचत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि मेकॅनिक प्रामाणिकपणे सांगतो की लीक कुठे दिसत नाही.

ही छिद्रं होतात कशी? इथे मला थोडा वेळ द्या, कारण मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

तांब्यावर हवेमुळे क्युप्रस ऑक्साइडचा पातळ थर बसतो. एरवी तोच त्याचं रक्षण करतो. पण चालू एसीची कॉइल कायम ओली असते, कारण खोलीतल्या हवेतलं बाष्प तिच्यावर दव होऊन साचतं. खोलीच्या हवेत फॉर्मिक किंवा ॲसिटिक आम्लाचा अंश असेल तर तो या पाण्यात विरघळतो. आम्ल ऑक्साइडच्या थरात एखादी कमकुवत जागा गाठतं आणि खालच्या तांब्याशी त्याचा क्षार बनतो, क्युप्रस फॉर्मेट. हा क्षार अस्थिर असतो. ऑक्सिजन मिळताच त्याचे दोन भाग होतात : काही तांबं क्युप्रस ऑक्साइड होऊन तिथेच बसतं आणि उरलेलं क्युप्रिक फॉर्मेट होतं. हे क्युप्रिक फॉर्मेट शेजारच्या ताज्या तांब्यावर चाल करतं, आणखी तांबं ओढून घेतं आणि पुन्हा क्युप्रस फॉर्मेट बनतं. त्याचे पुन्हा दोन भाग होतात, पुन्हा ताज्या तांब्यावर चाल होते.

या फेऱ्याचा जमाखर्च मांडला की खरी गंमत कळते. तांबं खर्च होतं, ऑक्सिजन खर्च होतो, पण आम्ल खर्चच होत नाही. प्रत्येक फेरीअखेर ते जेवढ्यास तेवढं परत मिळतं. म्हणून आम्लाचा अत्यल्प अंशसुद्धा पुरेसा ठरतो.

शिवाय तयार झालेलं ऑक्साइड मूळ तांब्याच्या दीडपटीहून जास्त जागा व्यापतं. अरुंद बोगद्यात ते फुगतं, भिंतींना रेटतं, धातूला नव्या सूक्ष्म भेगा पाडतं. त्या भेगांत पाणी आणि आम्ल शिरतं. बोगदा सरळ आत जात नाही. तो वळतो, त्याला फाटे फुटतात, फाट्यांना उपफाटे फुटतात. नळी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की मुंग्यांच्या वारुळाचा छेद दिसावा तशी जाळी दिसते आणि या प्रकाराचं तांत्रिक नावही त्यावरूनच पडलंय, फॉर्मिकरी करोजन. बाहेरून मात्र नळी जवळपास धडधाकट दिसते, फार तर निळसर-करडे किंवा काळपट जांभळे डाग. हे सगळं काही वर्षांत होतं, आणि परिस्थिती जुळली तर काही महिन्यांतसुद्धा.

म्हणूनच अशा कॉइलला एका ठिकाणी झाळकामाचा डाग देऊन उपयोग होत नाही. एक बोगदा आरपार पोचला तेव्हा आणखी कित्येक बोगदे अर्ध्या वाटेवर असतात. झाळकाम करून गॅस भरला की दोन-तीन महिन्यांत शेजारचा बोगदा उघडतो. मेकॅनिकने फसवलं असं आपल्याला वाटतं, पण त्याने दिलेला डाग सहसा शाबूत असतो.

मराठी घरांना हे रसायनशास्त्र अनोळखी नाही. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की कळकते, हे आजी-पणजींना पक्कं ठाऊक होतं. सेंद्रिय आम्ल, ओलावा, हवा आणि तांबं, घटक तेच. उपाय म्हणून भांड्याला कथिलाचा मुलामा देत. अमेरिकेत काही कंपन्या तांब्याच्या नळ्यांवर कथिलाचा मुलामा दिलेल्या इव्हॅपोरेटर कॉइल विकतात, त्या नेमक्या याच गंजापासून वाचण्यासाठी.

मग बंद खोलीत हे आम्ल येतं कुठून? नव्या फर्निचरमधून. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड ज्या डिंकाने जोडतात त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटत राहतं आणि त्याचं ऑक्सिडेशन होऊन फॉर्मिक आम्ल बनतं. आंबट वास मारणाऱ्या सिलिकॉन सीलंटमधून थेट ॲसिटिक आम्ल सुटतं. रंग, गोंद, फवारे आणि काही सफाईचे द्रव यांचाही वाटा असतो. उदबत्तीच्या धुरातही फॉर्माल्डिहाइड असतं, तेव्हा देवघर असलेल्या खोलीत उदबत्ती लावताना एसी बंद आणि खिडकी उघडी ठेवलेली बरी. नव्या फ्लॅटमध्ये आधी मॉड्युलर किचन आणि भिंतभर कपाटं होतात, मग खिडक्या बंद करून एसी लावला जातो आणि दोन-तीन वर्षांत कॉइल जाते. लोक म्हणतात, या घराला मशीन लाभत नाही, नजर लागली. लिंबू-मिरचीने यात काडीचा फरक पडणार नाही. रोज सकाळी तासभर खिडक्या उघडल्या तर पडेल.

एसी घरच्या घरी व्हिनेगर फवारून साफ करायचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो, तोही इथेच निकालात काढू. व्हिनेगर म्हणजे पाण्यातलं ॲसिटिक आम्ल. ज्या पदार्थामुळे कॉइलला भोकं पडतात तोच आपण हौसेने तिच्या बेचक्यांत शिंपडतो. कॉइलसाठी साधं पाणी आणि मऊ ब्रश वापरा, फारच मळ असेल तर उत्पादकाने सुचवलेला उदासीन क्लीनर.

मुंबईत, ठाण्यात, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर आणखी दोन वैरी आहेत. खाडी आणि उघड्या नाल्यांतून येणारा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास, तांब्याचं काळं सल्फाइड करून टाकतो. घरातली चांदीची भांडी महिन्याभरात काळी पडत असतील तर हवेत सल्फर आहे हे समजावं. समुद्राकडून येणारं मीठ ॲल्युमिनियमच्या फिन्सना खातं, विशेषतः जिथे त्या तांब्याला टेकतात तिथे, कारण दोन धातू आणि खारं पाणी मिळून एक छोटी विद्युतघटच तयार होते.

आता निवडीकडे वळू. ‘शंभर टक्के कॉपर’ ही जाहिरात खोटी नाही, पण अर्धीच आहे. तांबं उष्णता उत्तम वाहून नेतं आणि झाळायला सोपं असतं, म्हणून जिथे हवा निरोगी आहे तिथे तांब्याचीच घ्या. पण जुनी कॉइल वारुळी गंजाने गेली असेल आणि आम्लाचा उगम घरात तसाच असेल, तर तशीच नवी कॉइल त्याच मार्गाने जाणार. ॲल्युमिनियमच्या नळ्यांना हा विशिष्ट गंज लागत नाही. मात्र मिठापुढे त्यांना खड्डे पडतात आणि घरी येऊन दुरुस्ती करणंही अवघड असतं. म्हणजे दादरच्या आतल्या गल्लीतल्या, ताज्या फर्निचरने भरलेल्या घराचं उत्तर वेगळं आणि मालवणच्या किनाऱ्यावरच्या घराचं वेगळं.

‘ब्ल्यू फिन’ आणि ‘गोल्ड फिन’ यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. तो लेप फिन्सवर असतो. त्याच्यामुळे पाणी थेंब न धरता पसरून खाली निथळतं आणि फिन्स थोड्या जास्त टिकतात, हे खरं. पण आतल्या नळीला, खास करून दोन्ही टोकांच्या उघड्या वळणांना, त्याचा आधार नसतो. आणि गोल्डमध्ये सोनं नसतं. खरं संरक्षण हवं असेल तर अख्खी कॉइल बुडवून, विजेच्या साहाय्याने चढवलेला इपॉक्सीचा लेप मागा. तो वीस-तीस मायक्रॉन जाड असतो, नळीच्या वळणांपर्यंत पोचतो आणि थंडाव्यात नगण्य फरक पाडतो. खाडीकाठच्या घरात जास्तीचे पैसे इथे घालावेत.

धातू ठरल्यावर मापाचा प्रश्न येतो. बाजारात ‘दीड टनाची कॉइल’ सुटी मिळते, पण टन हे एकच माप पुरेसं नाही. नळीचा व्यास, ओळींची संख्या, गॅसचा प्रवाह किती वाटांनी विभागलाय, हे सगळं त्या मॉडेलच्या कॉम्प्रेसर आणि कॅपिलरीशी, म्हणजे गॅसचा प्रवाह आवरणाऱ्या बारीक नळीशी, जुळवलेलं असतं. लहान कॉइल बसवली तर ती शून्याखाली जाऊन तिच्यावर बर्फ धरतो, हवा अडते आणि न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरकडे परततो, जे त्याला घातक असतं. जरुरीपेक्षा मोठी बसवली तर ती पुरेशी थंड होत नाही, म्हणून हवेतलं पाणी कमी गळतं. कोकणपट्टीत याला महत्त्व आहे. एक लिटर पाणी हवेतून काढायला सुमारे ०.६८ युनिट इतकी उष्णता शोषावी लागते. दीड टनाच्या एसीची क्षमता ५.३ किलोवॅटच्या आसपास असते. तासाला दोन लिटर पाणी काढताना त्यातली चौथाई नुसत्या बाष्पावर खर्च होते. हे काम कमी झालं तर मुंबईत खोली गार पण चिकट राहते. नागपूरच्या मे महिन्यात हवाच कोरडी असल्याने हा फरक फारसा जाणवणार नाही. सगळ्यात बरं म्हणजे मॉडेल आणि सिरियल नंबर देऊन कंपनीचीच कॉइल मागवणं. गॅसही तोच हवा. सात अंशांना जुन्या एसींतल्या आर-२२ या गॅसचा दाब वातावरणाच्या सहापट, तर आर-३२ चा दहापट असतो, त्यामुळे आर-२२ साठी बनवलेली कॉइल आर-३२ च्या मशीनला लावू देऊ नका.

बसवताना मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. आर-३२ जळू शकतो, म्हणून जुना गॅस आधी पूर्ण काढून घ्यायला हवा, मगच झाळकामाची टॉर्च पेटवायची. जोडणी झाल्यावर नायट्रोजन भरून दाब ठरावीक वेळ टिकतो का ते पाहायचं. त्यासाठी ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही, कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा स्फोट होतो. मग व्हॅक्यूम पंप. गॅस सोडून हवा ‘ढकलून’ देण्याची पद्धत सर्रास चालते, तिला ठाम नकार द्या. व्हॅक्यूममध्ये आत राहिलेलं पाणी उकळून निघून जातं. ते राहिलं तर नव्या गॅसांसोबत येणाऱ्या एस्टर तेलाशी त्याची अभिक्रिया होऊन आतच सेंद्रिय आम्लं तयार होतात. शेवटी गॅस वजनकाट्यावर मोजून, लेबलवर लिहिला असेल तेवढाच.

आणि मशीन आर-२२ वर चालणारं असेल, तर कॉइलवर खर्च करू नये असं मी स्पष्ट सांगेन. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रिअल करारानुसार २०३० पासून भारतासारख्या देशांत आर-२२ च्या गटातले वायू फक्त दुरुस्तीपुरते, अगदी थोडे उरणार आहेत आणि तेही २०४० पर्यंतच. त्या पैशांत भर घालून नवा इन्व्हर्टर एसी घ्या आणि बिलावर सही करण्याआधी वॉरंटी कार्डात इव्हॅपोरेटर कॉइलची वर्षं वाचा, कारण मोठ्या अक्षरांत छापलेली दहा वर्षं बहुतेकदा फक्त कॉम्प्रेसरची असतात.