बँकॉकचं चायनाटाउन: आधी चिनी की आधी शहर?

चायनाटाउन म्हटलं की आपल्याला वाटतं, शहर आधीपासून होतं आणि चिनी लोक नंतर येऊन एका कोपऱ्यात राहिले. बँकॉकमध्ये प्रकरण उलटं आहे. १७८२ ला थायलंडच्या सध्याच्या राजघराण्याचा पहिला राजा, पहिला राम (या घराण्यातल्या राजांना असे क्रमांक देतात), याने राजधानी थोनबुरीहून नदीपलीकडे पूर्व काठावर आणली, तेव्हा राजवाड्यासाठी जी जागा पसंत केली तिथे चिनी व्यापारी आधीच राहत होते, मग त्यांना उठवून तटबंदीबाहेर सांपेंगला पाठवलं. आणि गंमत बघा, त्याच्या आधीचा राजा ताकसिन, त्याचे वडील स्वतः तेओच्यू (दक्षिण चीनमधला एक समाज) चिनी!

तर सांपेंग म्हणजे नदीला लागून जाणारी एक चिंचोळी गल्ली. माल, अफूचे अड्डे, जुगार, हिरवे कंदील लावलेली वेश्यावस्ती, सगळं तिथेच. पण ही वस्ती एवढी वाढली कशी, तर सामान्य थाई माणूस सरदाराच्या वेठबिगारीला बांधलेला असायचा आणि चिन्यांना ती सक्ती नव्हती. त्याऐवजी ते दर तीन वर्षांनी डोईपट्टी भरायचे, भरली की मनगटाला दोरा बांधून त्यावर सील मारायचे, आणि तो दोरा असला की माणूस कुठेही फिरायला, मजुरी करायला, धंदा करायला मोकळा. पुढे सरकारने थाई लोकांसारखीच पट्टी त्यांना लावली, तेव्हा जून १९१० मध्ये चिनी दुकानदारांनी तीन दिवस बाजार बंद ठेवला आणि शहराला कळलं की आपलं पोट कोणावर चालतं.

टुरिस्ट लोक बघतात तो यावारात रोड तसा नवाच, पाचव्या रामाच्या काळातला, दीडेक किलोमीटरचा, बांधून व्हायला १९०० उजाडलं. मला विचाराल तर खरी मजा थोडं दक्षिणेला तलात नोईमध्ये आहे (अर्थ 'छोटा बाजार'). तिथे होक्कियन (दक्षिण चीनमधलाच आणखी एक समाज) लोकांचा चौकाचा जुना वाडा आहे, सो हेंग ताई, दोनशे वर्षांहून जुना, आणि आता त्याच्या चौकात चक्क स्कूबा डायव्हिंग शिकवायचा टँक आहे. बाजूच्या गल्ल्यांत तेलकट इंजिनं आणि गिअरबॉक्सचे ढीग, आणि दोन पावलांवर पोर्तुगीज वंशाच्या लोकांना मिळालेल्या जागेवरचं कलावार चर्च. सांपेंगच्या दुसऱ्या टोकाला गेलात तर पाहुरात, म्हणजे शीख कापडवाल्यांचा बाजार.

पण सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. महायुद्ध संपल्यावर सप्टेंबर १९४५ मध्ये यावारात रोडवर चिनी लोक आणि थाई पोलीस-सैनिक यांच्यात गोळीबारापर्यंत गेलं. ते शांत व्हावं म्हणून ३ जून १९४६ ला विशीतला राजा आनंद महिदोल धाकट्या भावाला घेऊन सांपेंगच्या गल्लीतून पायी फिरला. सहाच दिवसांनी तो राजवाड्यात गोळी लागून मेलेला सापडला आणि तोच धाकटा भाऊ, भूमिबोल, गादीवर आला.