पार्श्वभूमी: मेटाबॉलिक डाएटचा खर्च राज्यांच्या गळ्यात कसा पडला

मेटाबॉलिक डाएटिशियन म्हटलं की नागपुरात अजूनही बऱ्याच जणांना वजन कमी करायचा चार्ट आठवतो, पण जन्मजात चयापचय विकारांत, म्हणजे जन्मापासूनच अन्नातला एखादा घटक शरीराला नीट वापरता येत नाही अशा आजारांत, तो चार्ट हाच उपचार असतो. त्यातला पीकेयू (फेनिलकीटोन्युरिया, यात प्रथिनातला एक घटक शरीराला मोडता येत नाही) १९३४ मध्ये नॉर्वेत ओळखला गेला, १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये त्यावर डाएट आलं, १९६० च्या दशकात टाचेच्या रक्ताच्या थेंबावर तपासणी सुरू झाली. आधी मूल जरा मोठं झालं की डाएट बंद करायचे, आता ते जन्मभर चालू ठेवायला सांगतात.

आपल्याकडचा खरा गुंता २०१७ नंतरचा. त्या वर्षी अशा दुर्मिळ आजारांचं पहिलं राष्ट्रीय धोरण आलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये ते थांबवलं गेलं, एक मोठं कारण हे की राज्यं सोबत यायला तयार नव्हती. मग मार्च २०२१ च्या नव्या धोरणात आजारांचे तीन गट पडले. एकदाच उपचार करून भागतं ते पहिल्या गटात, फार महागडे तिसऱ्यात, आणि पीकेयू, एमएसयूडी (मेपल सिरप युरिन डिसीज), युरिया सायकलचे दोष (प्रथिनातून तयार होणारा अमोनिया शरीराला बाहेर टाकता येत नाही) असे डाएटवर चालणारे बहुतेक आजार दुसऱ्यात. केंद्र सरकारची २० लाखांपर्यंतची मदत होती फक्त पहिल्या गटाला. दुसऱ्या गटाचा खर्च तुलनेने कमी, म्हणून राज्यांनी मदतीचा विचार करावा, असं लिहिलं. म्हणजे ज्या राज्यांमुळे आधीचं धोरण अडलं त्यांच्याच भरवशावर ही मुलं सोडली, आणि तेही ‘विचार करावा’ एवढ्यावर.

आणि खर्च कमी म्हणजे कोणासाठी? एमएसयूडीच्या मुलाला प्रथिनातलं ल्युसिन मोडता येत नाही, म्हणून ते नसलेली पावडर रोज लागते, ती संपली की थोड्याच दिवसांत रक्तातलं ल्युसिन चढतं, साधा ताप आला तरी धोका. वरण, झुणका, पाटवडी, तर्रीतला चना, सगळं बंद. पोहे द्यायचे तर काट्यावर मोजून, साबुदाणा चालतो पण दाण्याच्या कुटाशिवाय. गडचिरोलीकडची आई विचारते, "म्याडम, वरणाचं पाणी बी नाही द्यायचं का?" तिला नाही म्हणायचं तर पावडर तिच्या घरी दर महिन्याला पोचायलाच हवी, नाहीतर तो चार्ट उपासमारीचा होतो. ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) साठवणीच्या काही आजारांत त्यामानाने बरं आहे, १९८० च्या दशकापासून कच्चं कॉर्नफ्लोअर वापरतात, थंड पाण्यात ढवळून, न शिजवता, आणि ते किराणा दुकानात मिळतं.

मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने मदत ५० लाखांपर्यंत वाढवली आणि तिन्ही गटांना लागू केली. हे व्हायलाच हवं होतं, पण पैसा ठरलेल्या उपचार केंद्रांमार्फतच मिळतो आणि सुरुवातीच्या आठ केंद्रांत महाराष्ट्रातलं एकच, ते मुंबईत. विदर्भातल्या माणसाने लेकराला घेऊन रात्रभर रेल्वेने जायचं. शिवाय रक्कम एकदाची ठरलेली, डाएट जन्माचं.

एप्रिल २०२३ पासून धोरणातल्या आजारांसाठी स्वतःच्या वापरापुरती औषधं आणि खास वैद्यकीय आहार परदेशातून मागवला तर मूळ कस्टम ड्युटी (आयातीवरचा कर) माफ झाली. त्यासाठीचं सर्टिफिकेट जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन देऊ शकतात. आतापर्यंतच्या सगळ्या निर्णयांत जिल्ह्यातच काम होईल असा हा एकच.