सरकारी बांधकामाची ठेकेदारी: आधी वर्ग ठरवा, मग कागद जमवा

'ठेकेदारीचं लायसन कुठे काढायचं?' असं विचारणाऱ्यांना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. महाराष्ट्रात एखाद्याचं खासगी घर बांधून द्यायला ठेकेदाराला असा परवाना लागत नाही. तिथे नकाशा मंजुरीला आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता लागतो. ठेकेदार मालकाच्या मर्जीचा. मजूर ठेवले की कामगार खात्याच्या नोंदण्या येतात, तेवढ्या कराव्याच लागतात. वायरिंगचं मात्र तसं नाही, विद्युत ठेकेदाराला स्वतंत्र परवाना हवाच.

लोक ज्याला लायसन म्हणतात ती असते सरकारी कामांसाठीची नोंदणी, मुख्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाची. ही नोंदणी वर्गवार होते आणि किती रकमेपर्यंतची कामं भरता येतील ते वर्गावर ठरतं. खालच्या वर्गाचा अर्ज कार्यकारी अभियंत्याकडे, वरचा वर्ग असेल तर अधीक्षक किंवा मुख्य अभियंत्याकडे. मर्यादा शासन निर्णयाने बदलत राहतात, म्हणून एजंटाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, चालू शासन निर्णय स्वतः वाचा. मुंबई महापालिकेची नोंदणी निराळी, केंद्राच्या सीपीडब्ल्यूडीची (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग) निराळी.

वर्ग ठरतो तो बँकेच्या ऐपत दाखल्यावर (सगळे त्याला सॉल्व्हन्सीच म्हणतात) आणि केलेल्या कामांच्या दाखल्यांवर. सॉल्व्हन्सी बँक पैसे घेऊन देते, पण त्याआधी तुमची मालमत्ता आणि खात्याची उलाढाल बघते. खरी गोची अनुभवाची. दुसऱ्याच्या नावावर पोटठेकेदार म्हणून पाच शाळाखोल्या बांधल्या असतील, तरी कागदावर त्या मूळ ठेकेदाराच्याच. म्हणून स्वतःच्या नावावरचं काम लहान का असेना, शेवटचं बिल निघालं की लगेच कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा पूर्णत्वाचा दाखला घ्या. त्यात कामाचं नाव, निविदेची रक्कम, प्रत्यक्ष झालेली रक्कम, सुरुवात आणि पूर्ण झाल्याची तारीख हवी. साहेबांची बदली झाली की हाच कागद काढताना नाकी नऊ येतात.

अनुभवच नसेल तर? स्थापत्य पदवी किंवा पदविका असलेल्यांना सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणीची वाट आहे. विभागात त्यांना 'सुबे अभियंता' म्हणतात. लहान कामांतला ठरावीक हिस्सा त्यांच्यासाठी आणि मजूर सहकारी संस्थांसाठी राखीव असतो. नव्या अभियंत्याने सुरुवात इथूनच करावी, असं माझं स्पष्ट मत.

बाकी कागद नेहमीचेच: पॅन, आधार, जीएसटी नोंदणी, व्यवसाय कर, आयकर विवरणपत्रं, यंत्रसामग्रीची यादी, काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, भागीदारी असेल तर नोंदणीकृत भागीदारी पत्र, कंपनी असेल तर तिचे कागद. वरच्या वर्गाला नोकरीतल्या अभियंत्यांचा तपशीलही मागतात. अर्ज परत येतो तो बहुतेकदा नावामुळे. जीएसटीवर 'कन्स्ट्रक्शन', सॉल्व्हन्सीवर 'कन्स्ट्रक्शन्स', एवढ्यावरही त्रुटी निघते. मालकी फर्मला वेगळा पॅन नसतो, तो मालकाच्याच नावाचा. त्यामुळे बँकेला दाखल्यावर फर्मचं आणि मालकाचं अशी दोन्ही नावं घालायला सांगा.

लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे म्हणून निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम माफ होईल, अशा भ्रमात राहू नका. केंद्राच्या लघुउद्योग खरेदी धोरणातली ती सवलत वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या कंत्राटांना ती लागू नाही.

नोंदणी झाली की डिजिटल सही काढून राज्याच्या ऑनलाइन निविदा संकेतस्थळावर, महाटेंडर्सवर, खातं उघडायचं. पहिल्या निविदेचा दर भरताना कपाती धरूनच भरा. अडीच लाखांवरच्या कंत्राटात जीएसटीचे २ टक्के, आयकराचा १ टक्का (भागीदारी फर्म किंवा कंपनी असेल तर २), कामगार कल्याण उपकराचा १ टक्का आणि वर सुरक्षा अनामत, हे सगळं बिलातूनच जातं. कापलेला जीएसटी आणि आयकर विवरणपत्रात जमा दिसतो, उपकर मात्र गेला तो गेलाच. अनामत दोषदायित्व कालावधी (काम झाल्यावर निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करायची मुदत) संपल्याशिवाय सुटत नाही.

नोंदणीला मुदत असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच टाका. सॉल्व्हन्सी तेव्हाही ताजीच लागेल.