न्हावा शेव्याकडे निघालेलं जहाज आकाशातून कसं दिसू लागलं

नेरूळ-सीवूड्सच्या बऱ्याच सोसायट्यांत एखादा तरी ‘शिपवर’ गेलेला असतो. करावे गावाजवळ टी. एस. चाणक्य ही जहाजावरचे अधिकारी घडवणारी संस्था असल्यावर नवल नाही. पूर्वी पुढच्या बंदरातून फोन आला की त्याची खबर कळायची. आता घरचे मोबाइलवर जहाजाचं नाव टाकतात आणि निळ्या नकाशावर एक छोटा बाण दिसतो. बाणावर बोट ठेवलं की वेग, दिशा आणि मुक्कामाच्या जागी ‘आयएनएनएसए’ ही अक्षरं, म्हणजे न्हावा शेवा. (हा मुक्काम जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो. बदलायचा राहिला की जहाज मागच्याच फेरीत अडकलेलं दिसतं आणि घरात उगाच काळजी.)

हा बाण ज्यामुळे दिसतो ते एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आपोआप सांगणारं यंत्र, आलं ते जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. दर काही सेकंदांनी जहाज व्हीएचएफ रेडिओ लहरींवर आपला नऊ आकडी क्रमांक, जागा, वेग सांगत राहतं. भारतीय जहाजाचा क्रमांक ४१९ने सुरू होतो. आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरच्या ३०० टनी आणि त्याहून मोठ्या जहाजांना ते २००४ अखेरपर्यंत सक्तीचं झालं. पण या लहरी क्षितिजापलीकडे फारशा पोचत नाहीत. चाळीसेक सागरी मैल ओलांडले की किनाऱ्याला जहाज ऐकू येईनासं होतं.

वर, उपग्रहाला मात्र आडवं काही येत नाही. तिथे अडचण गर्दीची. एका वाहिनीवर मिनिटाचे २,२५० तुकडे असतात आणि ऐकण्याच्या टप्प्यातली जहाजं ते आपसांत वाटून घेतात. सहाशे किलोमीटरवरच्या उपग्रहाला हजारो किलोमीटरचा समुद्र एकदम ऐकू येतो. एकमेकांना कधी न ऐकलेली जहाजं त्याच क्षणी बोलतात आणि सगळा कालवा होतो.

हा कालवा सोडवायच्या सुरुवातीच्या प्रयत्नांतले बरेच इवले उपग्रह आपल्या पीएसएलव्ही रॉकेटनेच गेले. २८ एप्रिल २००८ला कार्टोसॅट-२एबरोबर कॅनडाचा एनटीएस. १२ जुलै २०१०ला नॉर्वेचा एआयएससॅट-१, वीस सेंटिमीटरचा, सहा किलोचा ठोकळा. नॉर्वेला उत्तरेकडच्या समुद्रावर नजर ठेवायची होती. २०१३ला डेन्मार्कच्या आलबोर्ग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा आऊसॅट-३, लिटरभर दुधाच्या खोक्याएवढा.

बेलापूरला दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर उभं राहून नकाशा उघडला, तर दूरवरची कंटेनर जहाजं दिसतात; समोरची कोळ्यांची होडी दिसत नाही. सक्ती मोठ्यांनाच होती. एक लाख मच्छीमार बोटींना इस्रोच्या उपग्रहांमार्फत जोडणाऱ्या ट्रान्सपॉन्डरची (संदेश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्राची) योजना ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये सुरू झाली.