'स्टिल ट्रायिंग'मागची गोष्ट

सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात मी काही वर्षं लॅब सांभाळली. लाईट गेली की सर्व्हरचा यूपीएस आधी मान टाकायचा. मुलांच्या मशीन इन्व्हर्टरवर तग धरून असायच्या, पण स्क्रीनवर एकच ओळ: 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग'. "सर, हँग झालं!" "हात लावू नका, बसा जरा." वीसेक मिनिटांनी सर्व्हर उठला की 'ओके' उमटायचं आणि अर्धवट कंपाइल थांबलं होतं तिथून पुढं सरकायचं.

मुलांच्या फाइली सर्व्हरवर असायच्या आणि एनएफएसनं, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायच्या पद्धतीनं, त्यांच्या मशीनवर दिसायच्या. याचं मूळ 1984 मध्ये सन मायक्रोसिस्टम्स या संगणक कंपनीनं एनएफएस घडवताना घेतलेल्या एका निर्णयात आहे: सर्व्हरनं कुणाचं काही लक्षात ठेवायचं नाही. फाइल कुठली, कितव्या बाइटपासून, किती हवं, हे दर वेळी क्लायंटनंच, म्हणजे फाइल मागणाऱ्या मशीननंच, सांगायचं. उधारीची वहीच नाही, तर ती हरवणार कशी?

पहिली आवृत्ती सनच्या घरातच राहिली. जगानं 1985 मध्ये पाहिली ती थेट दुसरी. तिच्यात 2 जीबीच्या पुढं फाइल जात नसे, आणि लिहिलेलं डिस्कवर पोचल्याशिवाय सर्व्हर उत्तर देत नसे. त्यामुळं लिखाण रखडायचं. 1995 च्या तिसऱ्या आवृत्तीनं फाइलचे आकडे 64 बिटांचे केले, म्हणजे 2 जीबीची अडचण गेली, आणि 'कमिट' आणलं: आधी पटापट पाठवा, मग एकदाच पक्कं करून घ्या. सर्व्हर मधेच बंद पडला तर परतल्यावर त्याची एक खूण बदललेली दिसते, क्लायंट ते ओळखतो आणि डेटा पुन्हा पाठवतो. मला विचाराल तर सगळ्या एनएफएसमधली सर्वांत हुशार गोष्ट हीच.

सोडून दिलेल्या कामांची नावं आता फारशी कुणी घेत नाही. 1996 चं वेबएनएफएस, म्हणजे ब्राउझरमधून थेट एनएफएसच्या फाइली. वेबपानं आणणाऱ्या एचटीटीपीपुढं ते टिकलं नाही. 2010 मध्ये एनएफएसच्या 4.1 आवृत्तीबरोबर डेटा अनेक सर्व्हरांवर समांतर वाटणारं पीएनएफएस आलं. त्यातला ऑब्जेक्ट साठ्याचा प्रकार लिनक्सनं 2017 मध्ये काढून टाकला. यूडीपीवरचा, म्हणजे पोच न घेता पाकिटं धाडणाऱ्या पद्धतीवरचा, क्लायंटही लिनक्सच्या 2020 च्या 5.6 कर्नलपासून (गाभ्यापासून) मुळातच बंद येतो.

मोठी कलाटणी मात्र चौथ्या आवृत्तीची. 1998 मध्ये सननं पुढच्या आवृत्तीची सूत्रं आयईटीएफकडं, म्हणजे इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडं, दिली, 2000 मध्ये पहिला मसुदा छापला गेला, आणि 2003 मध्ये तो सुधारून पुन्हा. आधी वेगळ्या प्रोटोकॉलवर चालणारं लॉकिंग, म्हणजे एकाच फाइलवर दोघांनी एकदम लिहू नये म्हणून ती अडवून ठेवणं, आत घेतलं. लॉक म्हटलं की कुणाकडं काय आहे ते लक्षात ठेवणं आलं. म्हणजे वही आलीच.

आम्ही चौथीवर गेलो त्याच आठवड्यात लाईट गेली. सर्व्हर उठला, 'ओके' आलं, तरी फाइल उघडेना. जुन्या लॉकचे मालक परत येऊन हक्क सांगतात का, याची तो वाट बघत होता. लिनक्सवर ही मुदत 90 सेकंदांची असते. एका पोरानं तेवढ्यात मशीन बंद करून परत चालू केली होती.